अमेरिकेत पॅरोल कसा ठरतो आणि मंडळाचा अंदाज खरा ठरतो का?

आपल्याकडे पॅरोलवरचा कैदी ठरल्या दिवशी परत येतो. तिथे पॅरोल म्हणजे मुदतीआधी अटींवर सुटका. सुटकेचा निर्णय घेणारं पॅरोल मंडळ गुन्हा, तुरुंगातली वागणूक आणि बहुतेक ठिकाणी जोखमीचे गुण (कैदी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, याचा आकडा) पाहतं. गुणांची ही पद्धत समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांची: १९२८ मध्ये इलिनॉयमधल्या ३,००० कैद्यांच्या नोंदींवरून २१ घटक, प्रत्येक अनुकूल घटकाला एक गुण.

गटापुरता अंदाज बऱ्यापैकी जुळतो. पण सुटलेल्या शंभरातले चाळीस अपयशी ठरतील म्हटलं, तरी कोणते चाळीस ते कळत नाही. शिवाय ज्यांना नाकारलं ते बाहेर आलेच नाहीत, मग नकार चुकला हे तपासणार कसं? नवा गुन्हा आणि पॅरोल अधिकाऱ्याकडे चुकलेली हजेरी दोन्ही 'अपयश' म्हणून एकत्र मोजले, तर आकडेच फसवे होतात. ते आधी वेगळे मागा.