एसिटालोप्रॅम (नैराश्य आणि चिंतेवरची गोळी) सुरू करून पाच दिवस झाले; मळमळ होते, हात थरथरतात. रात्री सोबत क्लोनाझेपाम (घबराट कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी) आहे, आणि पहाटे होडीवर जावं लागतं. गोळी बंद करू का?

नाही, स्वतःहून बंद करू नका. पहिले आठवडा-दोन आठवडे मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, घाम, हातांना कंप आणि झोपमोड हे या गोळीचे ओळखीचे त्रास आहेत आणि बहुतेकांचे हळूहळू उतरतात. मी रत्नागिरीत फार्मासिस्ट आहे, हीच तक्रार काउंटरवर वरचेवर ऐकतो. ही गोळी सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करते आणि शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, त्यामुळे गोळी डोक्यासाठी घेतली तरी बोंब आधी पोट मारतं. मनाला आराम पडायला मात्र २ ते ६ आठवडे लागतात. काहींची धडधड सुरुवातीला उलट वाढते, म्हणूनच लोक नेमके याच दिवसांत कंटाळून गोळी सोडतात. पेज किंवा नाश्ता पोटात गेल्यावर घेऊन बघा.

रात्री सोबत क्लोनाझेपाम आहे असं तुम्ही लिहिलंय, तिची गोष्ट वेगळी. तिची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळू शकते, तेव्हा पहाटे होडीवर जाणं थोडे दिवस टाळा. दारू अजिबात नको (माडीसुद्धा दारूच, हे सांगावं लागतं).

पण पुढचं काही झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा:
- अंगावर पुरळ किंवा चेहऱ्याला सूज
- ताप, गोंधळ, स्नायू ताठरणं
- जीव नकोसा वाटणं. अशा वेळी रात्री-अपरात्रीही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं