बिग बँग आणि पाद्रीबाबा

प्रश्न : बिग बँग मानणारा माणूस चर्चमध्ये गुडघे कसा टेकू शकतो? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, विश्व एका अतिदाट अवस्थेतून प्रसरण पावत गेलं, ही बिग बँगची कल्पना मांडणाराच धर्मगुरू होता! बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र. १९२३मध्ये गुरुदीक्षा, १९२७मध्ये प्रसरणशील विश्वावरचा निबंध (आइन्स्टाइनना तो तेव्हा पटला नाही), १९३१मध्ये ‘आदिम अणू’, म्हणजे सगळं विश्व ज्यातून निघालं तो एकच अणू, ही कल्पना. मला मात्र त्यांची पुढची अस्वस्थता जास्त भावते. १९५१मध्ये पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात ईश्वरी निर्मितीची साक्ष पाहिली आणि लमेत्रच नाराज झाले. बरोबरच होतं त्यांचं. सिद्धांत उद्या बदलला, तर श्रद्धेनंही गाशा गुंडाळायचा का? वसईच्या शाळेत मी हे शिकवायचे, तेव्हा मुलं फळा सोडून माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडेच बघत बसायची.