मुलगा म्हणतोय मिलिटरीच्या जुन्या गाड्या दुरुस्त करणार, आता काय करू?

सोलापूरहून, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसी भागातून एका वडिलांचं पत्र आलंय. पॉवरलूमवर जॉबर आहेत, म्हणजे लूमची देखभाल-दुरुस्ती बघणारे. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्दा तेवढा देतो:

"मुलगा यंदा 12 वी सायन्स पास झाला. 61 टक्के आहेत, इंजिनिअरिंगला कुठंतरी नंबर लागेल म्हणतात. पण हा पोरगा वर्षभर आमच्याकडच्या एका रिटायर्ड सुभेदारांच्या जोंगा गाडीच्या मागं लागलाय. क्लास सुटला की त्यांच्या शेडमध्ये. आता म्हणतोय मला हेच करायचंय, मिलिटरीचे जुने ट्रक, जीप पहिल्यासारख्या करायच्या आणि जे पार्ट मिळत नाहीत ते स्वतः बनवायचे. भंगारावर कुणाचं पोट भरलंय का सर? तुम्हीच समजवा त्याला."

मालक, समजवतो की, पण थोडं त्याला आणि थोडं तुम्हाला पण.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो. नुसते मिलिटरीचे ट्रक रिस्टोअर करून सोलापुरात घर चालणार नाही, हे तुमचं बरोबर आहे. अशा गाड्या हौसेनं ठेवणारे लोक मुंबई-पुण्याकडं, दिल्ली-पंजाबकडं जास्त, आपल्याकडं हाताच्या बोटावर मोजण्याइतके. एक गाडी पूर्ण करायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, मधेच मालकाचे पैसे संपतात, गाडी शेडमध्ये अडकून राहते आणि भाडं आपल्या डोक्यावर. या कामात पडणारे बहुतेक लोक आधीपासून दुसऱ्या कशावर तरी कमावत असतात. यूट्यूबवर वीस मिनिटांत गंजलेला सांगाडा चकाचक होतो तसं काही नसतं, हे पोराला एकदा स्पष्ट सांगा.

पण पत्रातलं एक वाक्य तुम्ही वाचून सोडून दिलंय असं मला वाटतं. "जे पार्ट मिळत नाहीत ते स्वतः बनवायचे." मालक, करिअर तिथं आहे, गाडीत नाही.

बघा, जोंगा म्हणजे मूळ निसान कंपनीची 'पॅट्रोल' नावाची जीप, जबलपूरच्या कारखान्यात 1969 पासून 1999 पर्यंत बनली आणि बंद झाली. शक्तिमान ट्रक जर्मनीच्या मॅन कंपनीच्या लायसन्सवर 1959 पासून जबलपूरलाच बनायला लागला, तो 1996 ला थांबला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस आणि फोर्डच्या जीप, कॅनडाचे फोर्ड-शेवरलेट ट्रक तर त्याच्याही आधीचे. यातल्या विलिसचं एक बरं आहे, तिचे नवे पार्ट आपल्याच देशात बनतात आणि परदेशात पण जातात, कारण तिकडं शौकीन खूप, फ्रान्सच्या नॉर्मंडीत दर जूनला, 6 जून 1944 ला मित्रराष्ट्रांचं सैन्य तिथं उतरलं त्याच्या आठवणीत, जुन्या जीप-ट्रकचा मेळाच भरतो. पण शक्तिमानचा एखादा ब्रॅकेट पाहिजे म्हटलं तर कुठल्या काउंटरला जाणार? दुसरी गाडी तोडून काढायचा, नाहीतर बनवायचा. तोडायला गाड्या दरवर्षी कमीच होत जाणार, म्हणजे राहिलं काय तर बनवणं.

आणि हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुमच्या शेडमधल्या जुन्या लूमचा गिअर तुटला तर तुम्ही कंपनीला पत्र लिहिता का? तुटका तुकडा पिशवीत टाकून ओळखीच्या टर्नरकडं जाता, दुसऱ्या दिवशी लूम चालू. तोच धंदा आहे हा. फक्त गिऱ्हाईक वेगळं आणि मापाचा काटेकोरपणा जास्त.

किती जास्त ते एका पार्टवर सांगतो, म्हणजे पोरगा कशात पडायलाय ते कळेल. समजा जुन्या ट्रकचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा भाग) तडकलाय आणि नवा कुठंच नाही. नवखा माणूस काय करतो, जुनाच मॅनिफोल्ड फाउंड्रीत नेऊन वाळूत दाबतो आणि म्हणतो यावरून ओता. ओतकाम होतं, दिसायला पण झकास, आणि इंजिनवर बसवायला गेलं की भोकं जुळत नाहीत. कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. पहिल्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंत 400 मिलिमीटर असतील तर नव्यात 396 च भरतात, आणि 4 मिलिमीटर म्हणजे बोल्ट आत जायचं नावच नको. म्हणून पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबायचा नमुना, बनवणारा माणूस तो तेवढा मोठा बनवतो, त्याची पट्टीच वेगळी असते, आकसणं धरून खुणा थोड्या लांब-लांब पाडलेली. जिथं नंतर मशीनिंग करायचंय त्या तोंडावर दोन-तीन मिलिमीटर जास्त सोडतो, धूर जायच्या पोकळीसाठी वाळूचा कोअर, म्हणजे आतला गाभा, वेगळा करतो. ॲल्युमिनियमचा पार्ट असेल तर आकसणं अजून जास्त, साधारण 1.3 टक्के. हे ज्याच्या हातात बसलं त्याला ट्रक काय आणि साखर कारखान्याचा पंप काय, सगळं सारखंच.

दुसरं आट्यांचं. मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचे नट-बोल्ट एका डब्यात ओतले की भल्याभल्यांची गडबड होते. अर्धा इंची बोल्ट घ्या, ब्रिटिश व्हिटवर्थला इंचाला 12 आटे, अमेरिकन युएनसीला 13. बाकी बऱ्याच साइजला दोन्हीकडं आटे सारखेच, पण व्हिटवर्थचा कोन 55 अंश आणि अमेरिकनचा 60, म्हणजे बोल्ट जातोय असं वाटतं, पान्यानं दाबलं की आटे खाऊन टाकतो. जोंगा आणि शक्तिमानला मेट्रिक, विलिसला अमेरिकन, ब्रिटिश बेडफोर्डला ब्रिटिश. त्यात युद्धातल्या फोर्ड जीपच्या बोल्टच्या डोक्यावर कंपनी इंग्रजी एफ अक्षर उठवायची आणि खरा शौकीन आजही टॉर्च मारून ते शोधतो. पत्र्याच्या कामात पण तसंच, फ्लोअरचा गंजलेला भाग कापून नवा पत्रा घातला पण कंपनीनं जिथं स्पॉट वेल्डिंगचे ठिपके दिले होते तिथं जाड वेल्डिंगची रेघ ओढली तर गाडी चालेल हो, पण ते रिस्टोरेशन नाही, ती डागडुजी.

आणि हुडचं कापड! हे तर आपल्या गावाचं काम. जुन्या गाड्यांना जाड सुती कॅनव्हास असायचा, पट्टे सुती नवारीचे. बाजारात आता सगळं नायलॉन नाहीतर रेक्झिन. वीण आणि सुताचा नंबर बघून तसंच कापड छोट्या लॉटमध्ये विणून घ्यायचं असेल तर चादरी-टॉवेलच्या गावात राहणाऱ्या आणि बाप जॉबर असलेल्या पोराला जास्त लांब जावं लागणार नाही. याचा विचार बाप-लेकांनी एकत्र बसून करा असं मला मनापासून वाटतं.

आता शिक्षणाचं. माझं मत विचाराल तर विजापूर रोडच्या सरकारी आयटीआयला टर्नर नाहीतर मशिनिस्ट, दोन्ही 2 वर्षांचे. मोटर मेकॅनिक पण 2 वर्षांचाच आहे आणि पोरगं तोच मागणार, पण गाडी खोलणं-जोडणं तो सुभेदारांकडं शिकायलाच लागलाय, लेथवर मायक्रोमीटर घेऊन काम करणं शेडमध्ये नाही शिकता येत. वेल्डर 1 वर्षाचा, तो नंतर कधीही करता येईल. आयटीआयची ऍडमिशन ऑनलाइन असते आणि 10 वीच्या मार्कांवर लागते, 12 वीच्या नाही, तेव्हा 61 चं टेन्शन घेऊ नका. अजून वरचं पाहिजे असेल तर संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथला टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा 4 वर्षांचा, कष्टाचा आहे पण त्या पोरांचा हात वेगळाच कळतो. आणि आयटीआय म्हटलं की लोक म्हणतात शिक्षण संपलं, ते डोक्यातून काढा. 2 वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं, तिथून डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला. म्हणजे इंजिनिअरिंगचा दरवाजा बंद नाही, फक्त हातात काम घेऊन आत शिरायचं. तुम्हाला डिग्रीचा फारच आग्रह असेल तर 12 वी सायन्सवर आत्ताच मेकॅनिकल डिप्लोमाच्या सेकंड इयरला पण घालता येईल, पण मग सुट्टीत त्याला टर्निंग शॉपमध्ये उभं करा, नाहीतर पोरगं नुसतं ड्रॉइंग काढत बसेल.

आयटीआयनंतर एक वर्ष ॲप्रेंटिसशिप फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्येच करायची. बिडाचे कॅमशाफ्ट ओतून परदेशात पाठवणारी प्रिसिजन आपल्याच सोलापुरात आहे, असल्या ठिकाणी काही महिने काढले तरी डोळे उघडतात. मग स्वतःचं छोटं शॉप. रोजचं काम लूम, ट्रॅक्टर, साखर कारखाने यांचं, त्यावर भाडं आणि लाइट बिल. ट्रकचे पार्ट संध्याकाळी. चार-पाच वर्षांनी ट्रकचं काम वाढलं तर रोजचं कमी करा, नाही वाढलं तरी शॉप चालूच.

आता बाळा, तुझ्याशी बोलतो. वडिलांनी हे वाचून दाखवलं असेल तर नीट ऐक. पार्ट हुबेहूब बनव, पण मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या ठिकाणी तुझी छोटी खूण आणि साल टाक. शंभर वर्षांनी कुणी खोललं तर कळलं पाहिजे की हा मूळचा नाही. गिऱ्हाईक म्हणेल एफ अक्षर उठवून दे, दे, पण बिलात नवा पार्ट म्हणूनच लिही. आणि चॅसिस नंबरला हात लावायला सांगणारा कितीही पैसे देऊ दे, त्याला दारातूनच परत पाठव. तो सरळ गुन्हा आहे. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुन्या जीप मॉडिफाय करायचा मोठा धंदा आहे, तो वेगळा, तू त्यात पडू नको, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्येच सांगितलंय.

दोन गोष्टी जिवाच्या. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तिथं कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. आणि जीपच्या जुन्या काँबॅट रिमचे दोन भाग बोल्टनं जोडलेले असतात, टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या नटांना पाना लावायचा नाही. रिम उडून माणसं मेलीत.

वेळ काढून दोघं अहिल्यानगरला जाऊन या, टेंभुर्णी-करमाळ्यावरून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचता. तिथं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, 1994 पासूनचं, रोल्स रॉइसची सिल्व्हर घोस्ट आर्मर्ड कार पण उभी आहे. लांबून फोटो काढून परत येऊ नका, रिव्हेट कसे मारलेत, पत्रा कुठं वळवलाय ते वाकून बघा. वडिलांना पण दाखव, जॉबरच्या नजरेला तुझ्यापेक्षा जास्त दिसेल.

राहिली ती सुभेदारांची जोंगा. पोरगं तिला ऑलिव्ह ग्रीन मारायचं म्हणत असेल, शंभर टक्के म्हणत असणार. मारू नका. मोटार वाहन नियम 121 प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, खाजगी गाडीला नाही. व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर 2021 चा नियम आहे, गाडी 50 वर्षांच्या पुढची आणि मूळ स्वरूपातली पाहिजे, फी 20,000 रुपये, नोंदणी 10 वर्षांची, नंबरात व्हीए येतं, आणि ती रोज भाजी आणायला फिरवता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. मिलिटरीच्या लिलावातून आलेल्या गाडीची सिव्हिल नोंदणी उशिरा झालेली असते, तेव्हा 50 वर्षं कुठल्या तारखेपासून धरणार हे आरटीओत लेखी विचारून घ्या. त्याच्याही आधी सुभेदारांना आरसी बुक आणि लिलावाचा कागद दाखवायला सांगा. दोन्ही असतील तर पोराला खुशाल काम करू द्या, नसतील तर कागद होईपर्यंत त्यानं त्या गाडीवर स्वतःच्या खिशातला एक रुपया घालायचा नाही.