सात पापांची सात पात्रं कशी लिहावीत?

प्रश्न असा आहे: "मी घणसोलीत राहतो. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेसाठी सात महापापांवर लिहितोय. सात पात्रं, प्रत्येकात एक पाप, आणि त्यांच्यासमोर सात सद्गुणांची सात पात्रं. वाचून दाखवलं की मित्र म्हणतात, ही माणसं वाटत नाहीत, पाट्या वाटतात. गाजलेल्या कथांमधली पात्रं हे कसं साधतात?"

मी ठाण्यात २२ वर्षं हौशी नाटकं बसवते, आणि तुमच्यासारखंच लिहिलेलं नाटक माझ्याकडे दर दोन-तीन वर्षांनी येतं. तुमचे मित्र खरं बोलले. पण कल्पना टाकून देऊ नका, तिच्यात दम आहे. मला वाटतं अडचण एकाच ठिकाणी आहे: तुम्ही पापाला पात्र केलंत, आणि त्या पात्राला प्रेम करायला काहीच ठेवलं नाही.

हे माझ्या पदरचं नाही. इटालियन कवी दान्तेने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला 'डिव्हाइन कॉमेडी' लिहिली. तिच्या दुसऱ्या भागात एक डोंगर आहे, त्यावर सात पायऱ्या, आणि एकेका पायरीवर एकेका पापाचं क्षालन चाललेलं. दान्ते स्वतःच त्या डोंगरावर चढतोय, आणि प्राचीन रोमन कवी व्हर्जिल त्याचा वाटाड्या आहे. बरोब्बर मध्यावर व्हर्जिल त्याला या रचनेचं कारण सांगतो. सगळी पापं प्रेमातूनच येतात. गर्व, मत्सर आणि क्रोध म्हणजे दुसऱ्याच्या वाइटाकडे वळलेलं प्रेम. आळस म्हणजे कमी पडलेलं प्रेम. लोभ, खादाडपणा आणि वासना म्हणजे मुळात चांगल्या गोष्टीवरचं, पण हाताबाहेर गेलेलं प्रेम. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या जुन्या संहिता काढून बसले. जिथे जिथे खलपात्र फसलं होतं, तिथे तिथे हेच राहून गेलं होतं.

आता आमच्या तालमीतलं सांगते. दोन भावांची एकांकिका होती. नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेलेली, आईच्या नावावरची खोली, आणि नव्या फ्लॅटमध्ये कोणाला किती यावरून वाद. थोरला भाऊ म्हणजे लोभ, असं लेखकाने कंसात लिहूनच ठेवलं होतं. तो करणारा मुलगा दिवसभर वागळे इस्टेटमध्ये नोकरी करून संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तालमीला यायचा. मन लावून करायचा, पण लोभ म्हटल्यावर डोळे बारीक करायचा, तळहात चोळायचा, आवाज खाली आणायचा. आठवडाभर तेच.

एक दिवस मी त्याच्या हातात सुताराची मेजरिंग टेप दिली आणि म्हटलं, पहिली चार वाक्यं बोलू नकोस, नुसती खोली माप. तो गुडघ्यावर बसला. टेप ओढत ओढत स्वयंपाकघराच्या बाजूला गेला. तिथे आई पाटावर बसून मेथी निवडत होती. टेप तिच्या पायाशी आली. त्याने वर पाहिलं नाही. स्वतःशीच पुटपुटला, "इथे तिचं अभ्यासाचं टेबल बसेल." तिचं म्हणजे त्याच्या मुलीचं. आणि आई करणाऱ्या बाईंनी कोणी न सांगता दोन्ही पाय उचलून टेपला वाट करून दिली. निवडलेली मेथी तशीच मांडीवर. टेपचं दुसरं टोक धाकट्याने धरलं होतं, तेही मी सांगितलेलं नव्हतं. हॉलमध्ये कोणी बोललं नाही. तो माणूस आईला खोलीबाहेर काढत होता, आणि हे सगळं लेकीवरच्या मायेने करत होता. लेखकाने त्याच रात्री कंसातला 'लोभ' खोडला.

म्हणून तुमच्या सात पात्रांपैकी प्रत्येकाला आधी हे विचारा: तुझं कोणावर प्रेम आहे? उत्तर आलं नाही तर ते पात्र अजून जन्मलेलं नाही.

सात पापांची ही ख्रिस्ती यादी आली कुठून तेही थोडक्यात पाहा, कारण तिच्यातच तुम्हाला साहित्य सापडेल. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा तपस्वी राहत होता. त्याने एकांतात मनात घुसणाऱ्या आठ विचारांची यादी केली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने ती सातावर आणली आणि गर्वाला सगळ्यांचं मूळ म्हणून वर बसवलं. एव्हाग्रियसने आळसाचं वर्णन केलंय ते जरूर मनात ठेवा. भर दुपारची वेळ आहे. तपस्व्याला वाटतं सूर्य जागचा हलतच नाही. तो सारखा खिडकीकडे बघतो, कोणी भेटायला येतंय का म्हणून डोकावतो, ही जागाच त्याला नकोशी होते. हा लोळत पडण्याचा आळस नव्हे. आपल्या बोलीत याला 'कशातच मन लागत नाही' म्हणतात. तुमच्या संहितेत आळस कॉटवर झोपलेला असेल तर त्याला उठवा. तो सकाळच्या लोकलने कामाला जाऊ द्या, दिवसभर वीस कामं उरकू द्या, फक्त जे एक काम त्याचं आहे ते सोडून.

आपल्याकडचे षड्रिपू आणि ही सात पापं एकमेकांवर ठेवून बघितली की आणखी मजेशीर गोष्ट दिसते. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर यांना जोड्या सापडतात. खादाडपणा आणि आळस आपल्या सहांत नाहीत. आणि मोह त्यांच्या सातांत नाही. मला मोह हा नाटककाराला मिळालेला सगळ्यात मोठा ऐवज वाटतो, कारण त्याच्यात प्रेम आणि पाप यांच्यामध्ये पापुद्र्याएवढंही अंतर नाही.

धृतराष्ट्र घ्या. सभापर्वात द्यूत रंगलंय. युधिष्ठिराने द्रौपदीला पणाला लावलंय. सभेतले वृद्ध धिक्कार करतायत, विदुर डोकं धरून बसलाय. आणि आंधळा राजा आनंदून पुन्हा पुन्हा विचारतो, "काय जिंकलं? काय जिंकलं?" सगळा मोह एवढ्या दोन शब्दांत आला. त्याला पट दिसत नाही, कोणाला पणाला लावलंय याच्याशी त्याला घेणं नाही, आपल्या पोराच्या बाजूला दान पडलं की नाही एवढंच हवंय. युद्ध संपल्यावर हाच म्हातारा भीमाला मिठी मारायला पुढे होतो. कृष्ण भीमाला बाजूला सारून लोखंडी पुतळा पुढे करतो. धृतराष्ट्र त्या पुतळ्याचा चुरा करतो, त्याच्या तोंडातून रक्त येतं, आणि राग ओसरल्यावर तो भीमासाठीच रडायला लागतो. क्रोध आणि माया एकाच मिठीत. हा प्रसंग मी नव्या मुलांना दरवर्षी सांगते.

गांधारी त्याच्या शेजारी ठेवा. तिच्याकडे सहनशीलता आहे, संयम आहे, पोराला तोंडावर सुनावण्याचं धैर्य आहे. सद्गुणाचं पात्र म्हणून तिला बघायला हरकत नाही. पण युधिष्ठिर तिच्यासमोर हात जोडून उभा राहतो तेव्हा पट्टीच्या खालच्या फटीतून तिची नजर त्याच्या पायाच्या नखांवर पडते आणि नखं काळी पडतात. आयुष्यभर दाबून धरलेला राग एवढ्याशा फटीतून बाहेर आला. सद्गुणाचं पात्र लिहायचं तर त्याची फट कुठे आहे ते तुम्हाला माहीत हवं.

नजरेवरून आठवलं, मत्सराबद्दल बोलायलाच हवं. लॅटिनमध्ये मत्सराला जो शब्द आहे, इन्व्हिडिया, त्याचं मूळ वाकड्या नजरेने बघण्यात आहे. म्हणून दान्तेच्या डोंगरावर मत्सरी माणसांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या आहेत. ती एकमेकांच्या खांद्याला टेकून भिंतीशी बसलेली, शिवणीतून आसवं गाळणारी. आपली भाषाही तेच सांगते: दुसऱ्याचं सुख डोळ्यांत खुपतं, कोणाची भरभराट डोळ्यांवर येते, नजर लागते. दुर्योधन मयसभेत जमीन समजून पाण्यात पडतो, पाणी समजून जमिनीवर कपडे सावरतो. त्याचे डोळेच त्याला दगा देतात, आणि तिथून परतताना तो शकुनीला सांगतो की पांडवांचं वैभव पाहून मला जगणं नको झालंय. तुमच्या मत्सराच्या पात्राला संवाद कमी द्या आणि बघायला काहीतरी द्या. समोरच्या इमारतीतली एक खिडकी पुरे.

गर्वासाठी लांब जायला नको. तलावपाळीला आमचं गडकरी रंगायतन आहे. ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' ते गेल्यावर, १९१९ साली रंगभूमीवर आलं. दारूवरचं नाटक म्हणून आपण ते ओळखतो. मला ते मदाचं नाटक वाटतं. सुधाकर हुशार वकील, मानी. कोर्टात अपमान होतो, संतापाच्या भरात बोलतो, सनद काही काळासाठी जाते. ती जखम त्याला सोसवत नाही आणि तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो. अपमान गिळता आला असता तर पेला लागलाच नसता. पापांची अशी साखळी असते, आणि तुमच्या सात वेगळ्या पात्रांत ती दिसायला जागाच नाही.

समोर त्याची बायको सिंधू आहे. लोकांची दळणं दळून घर चालवते. शेवटी नवऱ्याच्या हातून मूल गेलं, ती स्वतः मरणाच्या दारात आहे, तरी पोलिसांसमोर त्याला वाचवण्यासाठी खोटं सांगते. शंभर वर्षं लोक त्या प्रवेशाला रडलेत. मीही रडले आहे. पण सिंधू मला आज पटत नाही. तिची क्षमा सुधाकरच्या व्यसनाच्या आड उभी राहून त्याला उन्हापासून जपते. आजच्या मुलींनी हा प्रवेश करताना मला विचारलंय, "ताई, ही त्याला थांबवत का नाही?" मला तो प्रश्न रास्त वाटतो. सद्गुणसुद्धा हाताबाहेर जाऊ शकतो, आणि गडकऱ्यांनी ते कळून लिहिलं की नकळत, नाटकात ते आहे.

मग खरा सद्गुण रंगमंचावर कसा दिसतो? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला प्रुडेन्शियस नावाच्या लॅटिन कवीने सद्गुण आणि दुर्गुणांची लढाईच लिहिली. त्यात क्रोध सहनशीलतेवर तुटून पडते (दोघीही तिथे स्त्रिया आहेत). सहनशीलता जागची हलत नाही. क्रोधाची तलवार तिच्या शिरस्त्राणावर आपटून मोडते आणि चिडलेली क्रोध स्वतःच्याच शस्त्राने स्वतःला संपवते. आपल्याकडे एकनाथांची आख्यायिका तशीच. नाथ गोदावरीत स्नान करून येतात, एक जण अंगावर थुंकतो, ते परत स्नानाला जातात. असं १०८ वेळा. नाथ पहिल्या खेपेला जसे होते तसेच शेवटच्या खेपेला. शेवटी पाय धरतो तो थुंकणारा. म्हणजे प्रसंग घडतो तो त्याच्यात. तुमचे सातही सद्गुण बहुतेक भाषण करत असतील. त्यांना गप्प करा आणि त्यांच्यामुळे समोरचा कसा हलतो ते लिहा.

आणि औदार्य लिहिताना कर्णाला विसरू नका. कवचकुंडलं मागायला इंद्र येणार हे सूर्याने त्याला आधीच सांगितलेलं आहे. कर्ण उत्तर देतो की जीव गेला तरी चालेल, मला कीर्ती हवी. दान खरंच आहे, अंगातून सोलून काढलेलं आहे, आणि त्याच्या मुळाशी मान आहे. या माणसाला तुम्ही लोभाच्या समोरच्या रांगेत उभं कराल की गर्वाच्या रांगेत? माझं ऐकाल तर दोन रांगाच काढून टाका. चौदाच्या जागी चार माणसं घ्या, एका घरातली, आणि पापं-सद्गुण त्यांच्यात फिरू द्या. स्पर्धेच्या वेळेत चौदा जणांची ओळखही होत नाही.

वासना आणि खादाडपणा यांच्याबद्दल मी मुद्दाम लांबण लावत नाही. विशीतली मुलं वासना लिहितात तेव्हा बहुतेक वेळा ती फक्त एका बाईच्या अंगावर लिहिली जाते, ते तेवढं टाळा. खादाडपणासाठी एक पंगत लिहा, आणि शेवटचा लाडू कोणाच्या पानात जातो ते बघा.

आमच्या त्या एकांकिकेचा शेवटही सांगते. लेखकाने धाकट्या भावाला मोठं त्यागाचं स्वगत दिलं होतं. ते आम्ही काढलं. शेवटी आई उठून आत जाते, थोरला पुन्हा एकदा माप घ्यायला गुडघ्यावर बसतो, आणि धाकटा टेपचं टोक हळूच जमिनीवर ठेवतो. थोरल्याला आता एकट्याने मापावं लागतं, आणि ते जमत नाही, टेप सारखी सुटून सर्रकन परत येते. दुसऱ्यांदा सुटली की अंधार.

तुमच्या लोभाच्या पात्राचा पहिला प्रवेश असा लिहून पाहा: तो काय मापतोय, कोणासाठी मापतोय, आणि दुसरं टोक कोणी धरलंय. लिहून झाला की इथेच टाका, मी वाचेन.