वाचक विचारतात : शब्द कुणाचा, तुरा कुणाच्या उसाला

गेल्या अंकात सीरियाचे नवे अध्यक्ष अहमद अल-शरा व्हाइट हाउसला जाऊन आले त्यावर अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आलेत की सातबारा आणि पासपोर्टवाले प्रश्न पुढच्या अंकात ढकलतोय, राग मानू नका. चार निवडलेत.

"साहेब, सकाळी रंकाळ्यावर फिरायला आमचा सहा जणांचा ग्रुप असतो, त्यात पैज लागल्या. मी म्हणतो ट्रम्पला पॉलिसी-बिलिसी काय नाही, उठल्यावर तोंडाला येईल ते बोलतो. आमचा मित्र म्हणतो बेरकी गडी हाय, सगळं ठरवून करतो. हरला त्यानं सगळ्यांना मिसळ घालायची. निकाल द्या." (मंगळवार पेठ)

निकाल द्यायच्या आधी गडी कसकसा फिरला ते बघूया. 2013 मध्ये ओबामा सीरियावर हल्ला करायच्या बेतात होते तेव्हा हेच ट्रम्प ट्विटरवर ओरडून सांगत होते की त्या भानगडीत पडू नका, आणि पडायचंच असलं तर आधी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, परवानगी घ्या. 2017 ला स्वतः खुर्चीवर बसले. मार्चअखेर त्यांच्या युनोतल्या राजदूत निक्की हेली म्हणाल्या की सीरियाचा तेव्हाचा अध्यक्ष असद, त्याला हटवणं ही आता आमची प्रायॉरिटी नाही. 4 एप्रिलला सीरियातल्या खान शेखून गावावर सरीन हा विषारी वायू पडला, ऐंशीच्या वर माणसं गेली, त्यात लहान पोरं, ती चित्रं टीव्हीवर आली आणि तिसऱ्या दिवशी सीरियाच्या विमानतळावर 59 टोमाहॉक क्षेपणास्त्रं. त्या रात्री ट्रम्प फ्लोरिडात चीनच्या शी जिनपिंगना जेवू घालत होते, पुढ्यात चॉकलेट केक आलेला, आणि केक खाता खाता पाहुण्यांना सांगितलं की आत्ताच क्षेपणास्त्रं सोडलीत. हे त्यांनीच नंतर मुलाखतीत सांगितलं, केक किती सुंदर होता ते अगदी मन लावून, आणि देशाचं नाव सांगताना मात्र सीरियाच्या जागी इराक म्हणाले, मुलाखत घेणाऱ्या बाईंनी दुरुस्त केलं.

पुढं एप्रिल 2018 ला ब्रिटन-फ्रान्सला घेऊन परत हल्ला. त्याच डिसेंबरात जाहीर केलं की आयसिस संपली, आमचे दोन हजार सैनिक घरी आणतो, दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री मॅटिस यांनी राजीनामा दिला. मग थोडे ठेवतो म्हणाले. मग ऑक्टोबर 2019 ला तुर्कस्तानच्या एर्दोगानशी फोन झाला आणि उत्तर सीमेवरनं सैनिक मागं घेतले, तीन दिवसांत तुर्की फौज तिथल्या कुर्दांवर चालून आत, आणि त्याच दिवशीच्या तारखेचं पत्र एर्दोगानना, फार ताठू नका, मूर्खपणा करू नका असलं. मग म्हणाले तेलासाठी थोडे सैनिक राहतील. डिसेंबर 2024 ला अल-शरांचे बंडखोर राजधानी दमास्कसच्या दारात आले तेव्हा हे निवडून आलेले पण शपथ व्हायची होती, पॅरिसला नोत्र दाम चर्चच्या सोहळ्याला गेले होते, तिथनं लिहिलं की ही आमची लढाई नव्हे. पाच महिन्यांत सौदीतल्या रियाधमध्ये सीरियावरचे निर्बंध उठवतो म्हणून घोषणा, दुसऱ्या दिवशी अल-शरांशी हस्तांदोलन, आणि 10 नोव्हेंबर 2025 ला थेट व्हाइट हाउसमध्ये अत्तराचा फवारा मारून वर बायका किती म्हणून चेष्टा. ज्या माणसावर अमेरिकेनं एक कोटी डॉलरचं इनाम लावलेलं तोच हा, बरं का. (इनाम काढलं मात्र बायडेनच्या माणसांनी, डिसेंबर 2024 मध्येच, हे व्हिडिओ फिरवणारे सांगत नाहीत.)

तर निकाल असा की मिसळ तुम्ही घाला, पाव मित्राला आणायला लावा. कारण बोलणं दहा वेळा फिरलं तरी दोन गोष्टी हलल्या नाहीत: आपलं पोरगं तिथं मरता कामा नये, आणि खर्च दुसऱ्यानं करावा, सौदीनं करावा, तुर्कांनी करावा, कुणीही करावा. ही पॉलिसीच आहे, आवडो न आवडो. पण मित्र म्हणतो तसं सगळं ठरवून, हेही खरं नव्हे, ठरवून केलं असतं तर संरक्षणमंत्री दुसऱ्या दिवशी घरी गेला नसता. आणि सैनिक घरी आणतो म्हटल्याला सहा वर्षं झाल्यावर, डिसेंबर 2024 ला, पेंटागॉननं, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्यानं, सांगितलं की तिथं साधारण दोन हजार आहेत. म्हणजे ट्रम्प आणि बायडेन दोघांनी मिळून आकडा फिरवून जागेवर आणला.

पण मला विचाराल तर पैजच चुकीच्या गोष्टीवर लावलीय तुम्ही. अध्यक्ष फिरतोच, परिस्थिती बदलली की फिरायलाही पाहिजे, त्यानं दिलेल्या शब्दावर कुणी काय करून बसलंय ते बघा की.

आमच्या घरचं सांगतो. 90 च्या आसपासची गोष्ट, वडिलांचा करवीर तालुक्यात दोन एकर ऊस, कारखान्याचं नाव घेत नाही. चेअरमन गावात सभेला आले आणि म्हणाले गुऱ्हाळाला ऊस घालू नका, जानेवारीत सगळ्यांची तोड देतो, माझा शब्द. गुऱ्हाळवाला रोख पैसे घेऊन दारात उभा होता, वडिलांनी परत पाठवला. मग संचालक मंडळात काय शिजलं देव जाणे, बाहेरचा ऊस आधी आणायचा ठरलं, आमची टोळी आली एप्रिलमध्ये. तोपर्यंत उसाला तुरे येऊन गेलेले, आत दशी पडलेली, कांडं वाजवलं तर पोकळ आवाज. काट्यावर वजन बघून वडील काही बोलले नाहीत, ट्रॅक्टरवाल्यालाच चहा पाजला. चेअरमनची कारणं पुढं कळली, त्यांच्या बाजूनं बरोबरही असतील. पण तुरा आमच्या उसाला आला.

उत्तर सीरियातल्या कुर्द लोकांचं हेच झालं. 2014 ला कोबानीपासनं अमेरिकेनं त्यांना हाताशी धरलं, वरनं विमानं यांची, जमिनीवर माणसं त्यांची, आयसिसशी लढताना त्यांच्याच सांगण्याप्रमाणं अकरा हजार मेली. ऑक्टोबर 2019 ला अमेरिकी गाड्या कामिशली गावातनं बाहेर पडल्या तेव्हा लोकांनी त्यांच्यावर बटाटे फेकले. दगड नव्हे, बटाटे. त्या व्हिडिओत एक माणूस गाडीच्या मागं धावत धावत हात टाकून बटाटा मारतो, आणि मला तो रागापेक्षा आमच्या वडिलांसारखा दिसतो.

"सगळं खापर ट्रम्पवर का? लाल रेघ ओबामांनी आखली आणि पुसलीही त्यांनीच. खरा गुन्हेगार तोच नाही का?" (राजारामपुरी, निवृत्त शिक्षिका)

बाई, मुद्दा बरोबर आहे पण अर्धाच. ऑगस्ट 2011 ला ओबामांनी असदना पायउतार व्हा म्हणून सांगितलं, आणि ते झाले नाहीत तर काय, हे काही ठरवलं नव्हतं. पुढच्या ऑगस्टात पत्रकारांसमोर बोलता बोलता म्हणाले की रासायनिक अस्त्रं वापरली तर ती आमच्यासाठी लाल रेघ. 21 ऑगस्ट 2013 ला दमास्कसजवळ घूता भागात सरीन सोडला, अमेरिकी सरकारच्या हिशेबानं 1,429 मेले, त्यात 426 मुलं. जहाजं तयार होती. मग ब्रिटनच्या संसदेनं 285 विरुद्ध 272 नं नाही म्हटलं, आणि 30 तारखेला संध्याकाळी ओबामा व्हाइट हाउसच्या हिरवळीवर आपल्या चीफ ऑफ स्टाफबरोबर चालायला गेले, परत आले ते काँग्रेसला विचारूया म्हणूनच. काँग्रेसमध्ये मतं जमत नव्हती. तेवढ्यात लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री केरी एका प्रश्नाला उत्तर देताना म्हणून गेले की असदनं आठवड्यात सगळी अस्त्रं दिली तर टळेल, पण तो देणार नाही, आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांनी तोच शब्द त्याच दिवशी उचलला. 14 सप्टेंबरला जिनिव्हात करार.

आता याला पळ म्हणायचं का डाव? सीरियानं कबूल केलेली 1,300 टन रसायनं जून 2014 पर्यंत देशाबाहेर गेली, एक क्षेपणास्त्र न सोडता. हे मी ओबामांच्या खात्यात जमा धरतो. पण असदनी सगळं दिलं नव्हतं, खान शेखूननं ते दाखवलं, आणि 2015 ला असदच्या मदतीला रशियाची विमानं सीरियात उतरली. शिवाय ज्या बंडखोरांना वाटत होतं की आता अमेरिका येणार त्यांनी काय करायचं? त्यांना ट्रेनिंग द्यायला 50 कोटी डॉलरचा कार्यक्रम काढला, आणि सप्टेंबर 2015 ला सेनापती ऑस्टिन यांनी सिनेटपुढं सांगितलं की त्यातले प्रत्यक्ष लढणारे उरलेत चार-पाच. चार-पाच! आमच्या तालमीत पावसाळ्यातसुद्धा जास्त पोरं असतात.

गुन्हेगार म्हणाल तर मी पहिलं नाव असदचं घेईन, मग बाकीचे.

"सर, अमेरिकेचा अध्यक्ष संसदेला न विचारता मिसाईल सोडू शकतो का? आमच्या होस्टेलवर रात्रभर वाद." (शिवाजी विद्यापीठ)

कागदावर युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा. व्हिएतनामनंतर 1973 ला निक्सनचा नकाराधिकार डावलून कायदा केला: सैन्य लढाईत घातलं तर 48 तासांत कळवायचं, आणि मंजुरी नसली तर 60 दिवसांत थांबवायचं. व्यवहारात अध्यक्ष दोन रात्रीत काम उरकतात, 60 दिवस येतातच कुठं. 2011 ला लिबियात तर ओबामांचे 60 दिवस उलटले, तेव्हा त्यांचे वकील म्हणाले हे ज्याला लढाई म्हणतात त्यातलं नव्हेच. तेच ओबामा 2013 ला सीरियासाठी विचारायला गेले. आणि विचारा म्हणून ओरडणारे ट्रम्प 2017 ला विचारायला गेले नाहीत. झोपा आता.

"मी 1988-89 ला श्रीलंकेत आपल्या शांतिसेनेत जाफन्याला होतो. दुसऱ्यांची धरसोड सांगता, आपली पण लिहा. परत आलो तेव्हा मद्रासला मुख्यमंत्री घ्यायला पण आला नाही." (शिरोळ तालुका, माजी सैनिक)

दादा, पत्र दोनदा वाचलं. सीरियावर आपणही फिरलो: ऑक्टोबर 2011 ला सुरक्षा परिषदेत तटस्थ, फेब्रुवारी 2012 ला ठरावाच्या बाजूनं, आणि दोन्ही वेळा रशिया-चीननं तो पाडला, म्हणून ते कुणाच्या लक्षातही नाही. पण तुम्ही म्हणता ते त्याहून खोल आहे. ज्या तमिळ पोरांना आपण तमिळनाडूत ट्रेनिंग दिलं, 4 जून 1987 ला ज्यांच्या जाफन्यावर आपल्या विमानांनी धान्याची पोती टाकली, त्यांच्याशीच ऑक्टोबरपासनं तुम्हाला लढायला लावलं. आधी श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने सही करून बोलावतात, मग त्यांच्यानंतरचे प्रेमदासा चालते व्हा म्हणतात आणि वर एलटीटीईला, म्हणजे त्याच तमिळ बंडखोरांना, हत्यारं देतात. दिल्लीत राजीव गांधी गेले, व्ही. पी. सिंग आले, मार्च 1990 ला तुम्ही परत. अकराशेच्या वर जवान तिकडंच राहिले. करुणानिधी स्वागताला गेले नाहीत हे खरं आहे. कोलंबोजवळ शांतिसेनेचं स्मारक श्रीलंकेनंच बांधलं, मोदी 2015 ला तिथं फूल वाहून आले.

हे सगळं पुस्तकी झालं, तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे की वरनं ऑर्डर बदलायची पण खंदक तोच असायचा. तो खंदक कसा होता, पावसात त्यात काय व्हायचं, ऑर्डर बदलली हे तुम्हाला वायरलेसवर कळायचं का रेडिओवर, एवढं लिहून पाठवा. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ती आमचं ऑफिस बघेल. पुढच्या अंकात दोन पानं तुमच्यासाठी ठेवलीत, सातबारावाले थांबतील आणखी एक महिना.