वाईट दिवसाच्या मापाने

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. ‘बाई, डॉक्टरांनी हिला रोज फिरायला सांगितलंय आणि ही गादीवरून उठत नाही. तुमचं ऐकते, चार शब्द सांगा.’ फोनवर चार शब्दांत सांगून होण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसले. एका बैठकीत वाचून होणार नाही, मला माहीत आहे. थोडं थोडं वाच.

आधी एक सांगते. तू आळशी नाहीस. माझ्या खो-खोच्या टीममध्ये सगळ्यात आधी मैदानावर येऊन चुन्याच्या रेघा मारणारी पोरगी तू. उठवत नाही हे या आजाराचंच लक्षण आहे. तापात अंग दुखतं तसं डिप्रेशनमध्ये अंग शिशासारखं जड होतं. मला हे माहीत आहे, कारण मी त्यातून गेले आहे. 2009 च्या पावसाळ्यात मी तीन महिने घरात पडून होते. दोनशे मुलींना एका शिट्टीवर उभं करणारी पी.टी.ची बाई मी, पण वेणी घालायला हात उचलत नव्हता. ओळखीतल्या एकांनी ऐकवलं, ‘तुम्ही तर व्यायामाच्या बाई, तुम्हाला कसलं डिप्रेशन?’ ते वाक्य मला कितीतरी दिवस पुरलं. तुला कोणी असं काही म्हटलं असेल, तर ते मनातून काढून टाक.

माझ्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जरा हुशारी वाटली आणि मी काय केलं, तर भाच्याला घेऊन थेट आपल्या बेळगावजवळचा येळ्ळूरगड चढायला गेले. पूर्वी मुलींना घेऊन सहज जायचे, म्हटलं आताही जमेल. चढले. वर वारा होता, खाली येळ्ळूरची भातशेतं हिरवीगार पसरली होती, फार बरं वाटलं. आणि दुसऱ्या दिवसापासून चार दिवस उठले नाही. पाय दुखले त्याचं काही नाही. ‘एक दिवस जमलं, आता तेही जमत नाही’ या विचाराने मी जास्त झोपले.

त्यात मला एक कळलं. व्यायामाचं माप चांगल्या दिवशी ठरवायचं नाही. सगळ्यात वाईट दिवशी जे जमेल, ते आपलं माप. बाकी जास्त होईल ते वरकड.

मग मी घरी येणारं दूध बंद केलं. घर सोडून जाण्यासाठी मला काहीतरी कारण हवं होतं, तेवढ्यासाठीच. सकाळी साडेसहाला कोपऱ्यावरच्या दुकानातून नंदिनीची अर्ध्या लिटरची पिशवी आणायची. जाऊन-येऊन सहा मिनिटं. त्यातही वाईट दिवस असला, तर पायात चप्पल घालून फाटकापर्यंत जायचं, कडीला हात लावायचा आणि परत फिरायचं. तो दिवसही मी कॅलेंडरवर खूण करून मोजायचे. त्या दिवशी चहा बिनदुधाचा. पंधरा-वीस दिवसांनी एकदा पिशवी हातात घेऊन मी पुढच्या गल्लीपर्यंत गेले आणि परत आल्यावर लक्षात आलं की आज मन तयार आहे का, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. या आजारात हुरूप आधी येत नाही. आधी पाय चालायला लागतात आणि हुरूप कधीतरी मागून येतो. त्याची वाट बघत उंबऱ्याच्या आत बसलीस, तर बसूनच राहशील गं.

तुझी आई म्हणत होती, ‘फिरली की बरी होईल, मग गोळ्या बंद करू.’ हे मात्र करू नका. तिलाही मी सांगितलंय, तुलाही सांगते. 1999 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. डिप्रेशन असलेली, पन्नाशीच्या पुढची 156 माणसं. काहींना नुसता व्यायाम, काहींना नुसती गोळी, काहींना दोन्ही. 16 आठवड्यांनी तिन्ही गटांत जवळपास सारखी सुधारणा दिसली, पण सुरुवातीला लवकर उतार पडला तो गोळी घेणाऱ्यांना. लोक यातलं अर्धंच सांगतात. व्यायाम करणारे ते लोक आठवड्यातून तीनदा, गटाने, कोणाच्या तरी देखरेखीखाली करत होते, हेही कोणी सांगत नाही. तेव्हा गोळी कधी कमी करायची, कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतील. एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असले त्रास होतात आणि आजारही उलटू शकतो.

गोळीने सकाळी गुंगी राहत असेल तर पहाटेचा हट्ट नको, संध्याकाळी पाचला जा. अंथरुणावरून एकदम उठू नकोस, आधी मिनिटभर काठावर बस. तुझ्या गोळ्यांत लिथियम असेल, तर घाम गाळणारा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचार. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आणि कधी उलटंच झालं, झोप दोन-तीन तासांवर आली तरी अंगात नको तितकी ताकद वाटतेय, चाल-चाल चालावंसं वाटतंय, तर खूश होऊ नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

छातीत धडधडतं, आता काहीतरी होणार असं वाटतं, म्हणून जिना चढायला भीती वाटते, असं आई म्हणाली. यावर एक करून बघ. हृदय ठीक आहे हे डॉक्टरांनी तपासलंय ना, तेवढं आधी विचारून घे. मग माडीचा जिना नेहमीच्या चालीने दोनदा चढ-उतर. खाली येऊन पायरीवर बस, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेव आणि घड्याळात बघून दहा सेकंद ठोके मोज. सहाने गुण. आकडा लिही. दोन मिनिटं तशीच बस, काही करू नकोस, पुन्हा मोज. आकडा खाली आलेला दिसेल. धडधड वाढली ती चढल्यामुळे आणि उतरली ती आपली आपण, तू काही न करता. हे तुझ्या अक्षरात वहीत आठ-दहा वेळा लिहिलं गेलं, की रात्री धडधड सुरू झाल्यावर ते पान उघडता येतं. मी पुष्कळ मुलींना हे करायला लावलंय आणि माझा यावर फार विश्वास आहे.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये मोठ्यांसाठी सांगितलं ते आठवड्याला 150 ते 300 मिनिटं, मध्यम चालीने. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतपत. पण तो आकडा तुझ्यासाठी आत्ता नाही. त्याच सूचनांमध्ये असंही आहे की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलंही चांगलं. सलग दहा मिनिटं तरी हवीत, ही जुनी अटसुद्धा त्यांनी काढून टाकली. तुझी सहा मिनिटं हिशेबात धरली जातात.

‘घरात राबते की दिवसभर, आणखी कसला व्यायाम’ असं आपल्याकडे प्रत्येक बाईला ऐकवतात. धुणं-भांडी, खानापूरकडच्या तुमच्या शेतातली भातलावणी, यातही अंग हलतं, ते नाकारत नाही मी. पण त्यात तू कोणाच्या तरी कामाला लागलेली असतेस. फिरणं फक्त तुझं असतं. उन्हात, झाडाखाली, माणसं दिसतील अशा रस्त्यावर. दिवसाच्या उजेडाने रात्रीची झोप रुळावर येते आणि झोप सुधारली की निम्मं दुखणं हलकं होतं. जुलैच्या पावसात बाहेर पडणं नाहीच झालं, तर जिना आहे, नाहीतर दोन सूर्यनमस्कार. दोनच.

आता खो-खोचं आठव. चौकात पाठलाग करणाऱ्यांतले आठ जण बसलेले असतात आणि मागून खो मिळाल्याशिवाय त्यांच्यातल्या कोणालाही उठता येत नाही. तू आत्ता तशी बसलेली आहेस. तुझी चुलत बहीण शेजारीच राहते ना? तिला सांग, रोज पाचला दार वाजव. आत येऊन समजूत घालू नकोस, ‘कसं वाटतंय’ विचारू नकोस, नुसती चप्पल घालून उभी राहा. तिच्याशी बोललीच पाहिजेस असंही नाही.

आणि जगणं नको वाटायला लागलं, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर तेव्हा चालायला जायचं नाही. एकटी राहायचं नाही. आईला उठव, मला फोन कर, कितीही वाजले असोत. नाहीतर टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा 14416 लाव. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, भाषा निवडता येते. धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं मोठं हॉस्पिटल, तेही आपल्याला फार लांब नाही. मी स्वतः तुझ्याबरोबर येईन.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी साडेपाचला मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाच्या फाटकापाशी असेन. बहिणीच्या स्कूटरवरून ये, छत्री आण. आत त्या जुन्या मोठ्या झाडांखालून एकच फेरी मारू, तीही तुझ्या चालीने. नाही जमलं तर मी माझी फेरी मारून घरी जाईन. मला वाईट वाटणार नाही. फक्त रात्री फोन करून सांग, कडीला हात लावला होतास की नाही.

तुझी,
बाई