एका अंशाचे 3,60,000 रुपये

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचकाचं पत्र आहे. काका 1997 साली इंग्लंडहून परतले, तेव्हा त्यांनी तिथली 1992 ची निस्सान 300 झेडएक्स बरोबर आणली. ती आता पुतण्याच्या नावावर आहे. डॅशबोर्डवर ‘हायकास’चा दिवा कायम पेटलेला असतो, मागच्या चाकांना खेळ आला आहे आणि मागे तेल गळतंय. या गाडीची मागची चाकंही थोडी वळतात आणि ती वळवणारी ही ‘हायकास’ यंत्रणाच बिघडली आहे. गॅरेजवाल्याने दोन कोटेशनं दिली. मूळ यंत्रणा दुरुस्त करायला 3,60,000. ती काढून जागी मागची चाकं सरळ धरणारा पक्का दांडा बसवायला 95,000. शिवाय तोंडी तिसरा सल्ला: बल्ब काढून टाका आणि विसरा. हातात पगार 1,10,000, त्यातून घराचा हप्ता 28,000. आपत्कालीन निधी 2,20,000. सहा लाखांची एक ठेव आहे, ती मुलीच्या पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी. गाडी वर्षाला 900 किलोमीटर चालते. काकांचं म्हणणं, “गाडीचं काही काढायचं नाही.”

तिसऱ्या सल्ल्याचा निकाल आधी लावू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागच्या डाव्या टायरचा आतला काठ तारा दिसेपर्यंत झिजलाय आणि बाहेरच्या काठावर नक्षी जवळजवळ नवी आहे. यंत्रणा चाकाला जोडणारे बॉल जॉइंट ढिले झाले, चाक सरळ राहीना, की टायर असा एका बाजूने खाल्ला जातो. बल्ब काढला तरी चाक तसंच डुलत राहणार. फुकटचा वाटणारा हाच मार्ग खरं तर सगळ्यात महाग, आणि एक्स्प्रेसवेवर धोक्याचा. या टायरवर आज गाडी गल्लीबाहेरसुद्धा काढू नका.

आता 3,60,000 मधून मिळतं काय ते बघा. मागची चाकं वळवण्याची जपानी कंपन्यांची चढाओढ ऐंशीच्या दशकातली. निस्सानने 1985 मध्ये स्कायलाइनला हायकास दिलं, होंडाने 1987 च्या प्रेल्यूडमध्ये तेच काम निव्वळ दांडे आणि गिअरवर करून दाखवलं. तुमच्या गाडीतलं सुपर हायकास तेलाच्या दाबावर चालतं. वेगात वळताना मागची चाकं क्षणभर उलट वळतात, मग पुढच्यांच्या दिशेने, आणि तीही जास्तीत जास्त एक अंश. मांडवीच्या गर्दीत किंवा घरापुढे गाडी लावताना या यंत्रणेचा काडीचा उपयोग नाही. ती जाणवायची तर अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर भरधाव लेन बदलायला हवी.

वर्षाला 900 म्हणजे पाच वर्षांत 4,500 किलोमीटर. दुरुस्ती पडते किलोमीटरला 80 रुपये, पेट्रोल वेगळं. पक्का दांडा पडतो 21 रुपये. फरकाचे 2,65,000 साडेसहा टक्क्यांनी पाच वर्षं ठेवले, तर कर कापण्याआधी सुमारे 3,65,000 होतात. त्यातून ‘दुरुस्ती’ म्हणजे तरी काय? तेलाच्या दाबाने मागची चाकं वळवणारा सिलिंडर, तोही इंग्लंडमधल्या भंगार गाडीतून काढलेला, जुना. हे मॉडेल जपानमध्येसुद्धा 2000 साली बंद झालं. तीस वर्षांच्या रबरी सीलच्या जागी दुसरं तीस वर्षांचं सील बसवायला साडेतीन लाखांवर मोजणं मला पटत नाही.

तेव्हा माझं मत पक्क्या दांड्याच्या बाजूने आहे, पण कोटेशन आहे तसं मान्य करू नका. मी मिस्त्री नाही, म्हणून फोटो एका जाणत्या मिस्त्रीला दाखवले. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “नुसता सिलिंडर अडकवणार, की जॉइंटही बदलणार?” काही दांडे फक्त मधला सिलिंडर जाम करतात, टोकाचे झिजलेले जॉइंट तसेच राहतात. मग 95,000 जाऊनही टायर पुन्हा खाल्ला जाईल. जॉइंटसकट पूर्ण संच आणि काम झाल्यावर चारही चाकांचं अलाइनमेंट, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. संच बाहेरून येणार असेल तर सीमाशुल्क धरून दारात पोचती किंमत किती, तेही.

आणि पाइप कापू देऊ नका. वेळ वाचवायला मिस्त्री मागे तेल नेणाऱ्या नळ्या कापून त्यांची पंपाकडची टोकं तिथेच एकमेकांना जोडून टाकतात. तुम्ही त्या जोडणीवरून सोडवून, तोंडं बंद करून जपून ठेवायला लावा. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलासच्या आवारात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे गेला असाल तर मूळपणाला केवढं वजन असतं ते पाहिलंच असेल. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाडीला आपल्याकडे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तुमची गाडी तिथे 2042 मध्ये पोचेल. तेव्हा ती कोणाकडे असेल देव जाणे, पण सुटे भाग बरोबर असलेल्या गाडीला गिऱ्हाईक जास्त देईल. विकलीत तर खासगी वापराची गाडी भांडवली मालमत्तेत मोडत नाही, त्यामुळे नफ्यावर कर नाही. तोटा मात्र कशातूनही वजा करता येत नाही.

पत्रात ज्याचा उल्लेखच नाही, तो खर्च आता सांगतो. तुमचं नोंदणी नूतनीकरण फेब्रुवारी 2022 मध्ये झालं, म्हणजे पुढचं फेब्रुवारी 2027 मध्ये. मागच्या वेळी थोडक्यात सुटलात. त्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या आयात गाडीचं शुल्क 40,000 झालं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्यांसाठी 80,000. दांडा 95,000, मागचे दोन टायर 40,000 धरा, वर हे 80,000. झाले 2,15,000. तुमचा आपत्कालीन निधी 2,20,000! त्याला हात लावायचा नाही, मुलीच्या ठेवीला तर नाहीच. दांडा आणि टायर दिवाळीच्या बोनसमधून होऊ द्या, तोवर गाडी उभी राहिली तर काही बिघडत नाही. शुल्कासाठी दरमहा 10,000 ची आवर्ती ठेव आजच सुरू करा, आठ हप्त्यांत भागेल. तेवढंही जमत नसेल तर प्रश्न दांड्याचा उरत नाही, गाडी ठेवायची का हा होतो.

कायद्याची बाजू तितकी स्वच्छ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक शब्दांत सांगितलं. दंड प्रत्येक बदलाला 5,000 रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दांडा बसवल्याने नोंदणी पुस्तकातलं अक्षर बदलत नाही, पण काम स्टिअरिंगचं आहे, म्हणून दरजीपुऱ्याच्या आरटीओत आधी लेखी विचारा. विमा कंपनीलाही ई-मेल करा आणि उत्तर येईपर्यंत काम थांबवा. न कळवता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला आयतं निमित्त होतो. पाच वर्षांवरच्या गाडीची विम्यातली किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तेव्हा त्याच पत्रव्यवहारात मूल्यांककाचा अहवालही जोडून टाका.

राहिले काका. सिलिंडर, नळ्या, जुने जॉइंट, सगळं पुसून, चिठ्ठ्या लावून एका पेटीत भरा आणि ती पेटी त्यांच्या ताब्यात द्या. मिस्त्री भाग सोडवत असेल त्या दिवशी त्यांनाही खुर्ची टाकून तिथेच बसवा. कुठला बोल्ट कुठला, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असणार.